परवाना आहे, अनुभव नाही: चिरंजीवास पत्र

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

जड वाहनाचा परवाना हाती आला आणि आता रोज रात्री घरी परतता येईल अशी जवळच्या फेऱ्यांची नोकरी हवी, असे तू लिहिले आहेस. जिथे जावे तिथे ‘अनुभव किती?’ एवढेच विचारतात आणि पुढचे ऐकूनही घेत नाहीत, ही तुझी तक्रारही वाचली. इतकी वर्षे मी मालवाहतुकीच्या कार्यालयात फेऱ्या लावण्याचे काम करते आहे आणि कोणत्या गाडीवर कोणाला बसवायचे हे ठरवणाऱ्यांच्या शेजारीच माझे टेबल आहे. अनुभव नाही म्हणून परत गेलेली मुले मी पाहिली, तशीच अनुभव नसताना कामाला लागलेलीही पाहिली. त्यामुळे नुसता धीर देण्याऐवजी टेबलाच्या या बाजूने काय दिसते ते लिहिते.

जवळच्या फेऱ्यांचे काम नवशिक्यांचे आणि लांब पल्ल्याचे काम जाणत्यांचे, असे तू धरून चालला आहेस. मालकांचा हिशेब याच्या नेमका उलट असतो. लांबच्या फेरीत ड्रायव्हर एकदा भरलेली गाडी घेऊन निघाला की तासन्‌तास रुंद रस्त्यावर जवळजवळ एकाच गतीने जातो आणि दिवसाकाठी फार तर एकदोनदा गाडी मागे घेतो. जवळच्या फेरीत एका दिवसात दहा-बारा ठिकाणी माल उतरवायचा असतो. प्रत्येक ठिकाणी फाटक वेगळे, उतार वेगळा, वर लोंबणाऱ्या तारा वेगळ्या, आणि मागे उभे राहून ‘या, या’ म्हणत हात हलवणारा माणूसही वेगळा. वळताना मागची चाके पुढच्या चाकांच्या आतून जातात हे तू परीक्षेसाठी शिकलासच, पण अरुंद रस्त्याच्या तोंडाशी कोणीतरी दुचाकी लावून गेलेला असतो, तेव्हा मागची चाके किती आतून जाणार हे क्षणात डोळ्यांपुढे यावे लागते. मोठे अपघात वेगात होतात हे खरे. परंतु मालकाच्या खिशाला वारंवार चाट लावणारे नुकसान बहुधा माणसाच्या चालण्याच्या वेगात होते. वाकलेले फाटक, घासलेली भिंत, तुटलेला आरसा, फुटलेला मागचा दिवा. म्हणूनच लांबच्या गाडीवर नवा मुलगा घेणारा मालकसुद्धा जवळच्या कामाला जुना माणूस मागतो. तुला गाडी हाकता येते की नाही ही त्याची शंका नाही. शेवटच्या वीस मीटरांत तू काय करशील, ही आहे. अनुभवाच्या जागी तुला पुरावा द्यायचा आहे तो या वीस मीटरांचा.

दुसरे कारण विम्याचे. विमा कंपनी ड्रायव्हरचे वय, परवाना मिळून झालेला काळ आणि पूर्वीचे अपघात पाहते. दावे वाढले की मालकाचा पुढचा हप्ता वाढू शकतो, आणि काही करारांत ठरावीक अनुभवाशिवाय कोणाच्याही हाती गाडी देण्यास सरळ मनाई असते. अशा ठिकाणी समोरचा माणूस कितीही भला असला तरी त्याच्या हातात काही नसते. यासाठी जाहिरातीत ‘दोन वर्षांचा अनुभव आवश्यक’ असे दिसले की फोन करून नम्रपणे एवढेच विचार, की ही अट विम्याची आहे की तुमच्या पसंतीची. विम्याची असेल तर आभार मानून फोन ठेव. पसंतीची असेल तर बोलायला जागा आहे, कारण पुष्कळदा ती अट केवळ अर्जांची गर्दी कमी करण्यासाठी घातलेली असते.

आता काम कुठे शोधावे ते सांगते. माझ्या मते पहिली चांगली जागा म्हणजे मोठ्या गोदामाचे आवार, जिथे ट्रेलर एका फलाटावरून, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या ओट्यावरून, काढून दुसऱ्या फलाटाला लावण्यासाठी स्वतंत्र ड्रायव्हर ठेवलेले असतात. हे काम पाहायला कंटाळवाणे आहे, त्यात मान नाही आणि पगारही बेताचाच असतो; पण तिथला ड्रायव्हर एका पाळीत जितक्या वेळा गाडी मागे घेतो तितक्या वेळा लांबच्या गाडीवरचा महिन्यातही घेत नसेल. शिवाय सगळे आवारात चालते, वेग कमी असतो, आणि चूक झाली तरी ती बहुधा पत्र्यावर निभावते. तिथे काही महिने काढलेला मुलगा आमच्याकडे आला तर मी त्याचा अर्ज वर ठेवते.

दुसरी वाट बदली ड्रायव्हरची. नेहमीचा माणूस आजारी पडतो, गावी जातो, अचानक काम सोडतो, आणि मग सकाळी भरलेली गाडी उभी आणि चालवायला कोणी नाही अशी वेळ येते. त्या वेळी फोन उचलणारा, अर्ध्या तासात हजर होणारा आणि कागद तयार असणारा मुलगा मालकाच्या लक्षात राहतो. त्यासाठी ‘नोकरी आहे का?’ असे न विचारता ‘बदलीला माणूस लागतो का?’ असे विचारावे; पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणे सोपे असते, दुसऱ्याला मात्र लोक थोडे थांबून विचार करतात. तिसरी वाट आधी लहान मालवाहू गाडी चालवण्याची किंवा ट्रकवर मदतनीस म्हणून जाण्याची. परवाना असताना क्लीनरचे काम का करू, असे तुला वाटेल. पण मदतनिसाला सगळ्या फेऱ्या, सगळी गिऱ्हाइके आणि सगळी अवघड फाटके माहीत असतात, आणि जागा रिकामी झाली की बाहेर जाहिरात देण्याआधी मालक त्याच्याकडेच पाहतो. फक्त कामाला लागतानाच, गाडी चालवण्याची संधी केव्हा आणि कशी मिळेल हे स्पष्ट बोलून घे, नाही तर वर्षे माल वाहण्यातच जातील. मालाचा हंगाम सुरू होण्याच्या जरा आधी चौकशी केलीस तर अधिक बरे, कारण त्या दिवसांत अटी आपोआप सैल होतात.

काँक्रीटच्या मिक्सरवर नवी मुले घेतात असे तू ऐकले आहेस. ते खोटे नाही, पण पहिले काम म्हणून ते मला पसंत नाही. एक घनमीटर काँक्रीट सुमारे २.४ टन भरते, ते उंचावरच्या फिरत्या पिंपात असते, आणि वळणावर तो भार गाडीला एका बाजूला ओढतो. त्यात माल साधारण दीड तासाच्या आत ओतायचा असतो, म्हणजे मागे कोणीतरी सतत घाई करणारच. अर्ध्या भरलेल्या टँकरचेही तसेच. गाडी थांबते पण आतले द्रव थांबत नाही. ते पुढे येऊन धडकते आणि सिग्नलपाशी उभ्या राहिलेल्या गाडीलाही ढकलते. ही कामे वाईट नाहीत, पण हात बसल्यावर करायची आहेत.

मालकाला भेटायला सकाळी गाड्या सुटण्याच्या वेळी जाऊ नकोस. त्या दोन तासांत आमच्या कार्यालयात कोणी कोणाशी धड बोलत नाही आणि तुझा अर्ज चहाच्या कपाखाली जातो. गाड्या बाहेर पडल्यावर, दुपारच्या आत, स्वच्छ कपड्यांत आणि पायात बंद बूट घालून जा. एका पारदर्शक पाकिटात परवान्याची प्रत, वैद्यकीय प्रमाणपत्र, प्रशिक्षण पूर्ण केल्याचा दाखला, दंड व अपघातांची नोंद असल्यास तिची प्रत आणि तुझ्या शिक्षकांचे चार ओळींचे पत्र ठेव. पत्रात ‘मुलगा चांगला आहे’ एवढेच असेल तर त्याचा उपयोग नाही. कोणत्या प्रकारच्या गाडीवर किती तास शिकवले आणि फलाटाला गाडी लावता येते की नाही, हे लिहून घे. पूर्वी गोदामात माल उचललास, दुचाकीवरून सामान पोहोचवलेस, तेही सांग, कारण पत्ता शोधणे, पोच घेणे आणि वैतागलेल्या गिऱ्हाइकाशी सबुरीने बोलणे हे जवळच्या फेरीचे अर्धे काम आहे. अनुभव विचारला तर ‘नाही’ हे पहिल्या वाक्यातच सांगून टाक. खोटा अनुभव सांगणारा माणूस गाडीत बसण्याआधीच ओळखू येतो. दार उघडण्याच्या पद्धतीवरूनच आमचे जुने ड्रायव्हर आपसात हसू लागतात.

बोलणे जमले की चाचणी घेतील, आणि खरा निकाल तिथेच लागतो. परीक्षक चावी देऊन बाजूला उभा राहतो तेव्हा पुष्कळ मुले सरळ चढून गाडी सुरू करतात. तू तसे करू नकोस. आधी गाडीभोवती एक फेरी मार आणि जे पाहतोस ते मोठ्याने बोल. चाकाच्या नटाभोवती गंजाचा ओघळ दिसला तर नट सैल असू शकतो. मागच्या जोडचाकांत आतल्या टायरची हवा गेली तरी बाहेरच्यामुळे ती लपून राहते, म्हणून वाकून पाहावे लागते, आणि दोन टायरांच्या मध्ये दगड अडकला आहे का हेही तेव्हाच कळते. मग खाली तेलाचा थेंब, ताडपत्रीची दोरी, दिवे, आरसे.

गाडी सुरू केल्यावर हवेचा दाब पुरेसा भरेपर्यंत थांब आणि हवा गळल्याचा आवाज येतो का ते ऐक. जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांनी १८६९ मध्ये रेल्वेसाठी हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले. हवा गेली की ब्रेक आपोआप लागावेत ही युक्ती त्यांनी पुढे काही वर्षांतच शोधली, आणि आजच्या ट्रकचा पार्किंग ब्रेकही त्याच तत्त्वावर चालतो: स्प्रिंग ब्रेक लावते, हवा तो सोडवते. हे कसे चालते असे विचारणारे परीक्षक असतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पायाने दाबल्यापासून चाकापर्यंत हवा पोहोचायला काही क्षण लागतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरांहून अधिक जाते. अर्धा सेकंद उशीर म्हणजे आठ मीटर. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवलेस तर ते परीक्षकाच्या नजरेत येते.

गेल्या हंगामात दोन मुले एकाच दिवशी चाचणीला आली होती. पहिल्याने काचेतून डोके बाहेर काढून एका दमात गाडी मागे घेतली आणि फलाटाला जवळजवळ सरळ लावली. हात चांगला होता. दुसरा निम्म्यात थांबला, हँडब्रेक लावून खाली उतरला, मागे जाऊन फलाटाचा कोपरा आणि वरची पन्हळ पाहिली, परत चढला, पुढे घेऊन कोन सुधारला आणि मगच मागे आला. त्याला दुप्पट वेळ लागला आणि कपाळावर घाम दिसत होता. कामावर दुसरा घेतला. आमचे व्यवस्थापक म्हणाले, पहिल्याला शिकवायचे काही उरलेले नाही असे त्यालाच वाटते. तेव्हा उतरून पाहण्याची लाज बाळगू नकोस, आणि मार्ग दाखवणारा माणूस आरशातून दिसेनासा झाला की त्याच क्षणी थांब.

काही ठिकाणांपासून दूर राहा. नोकरी देतो म्हणून आधी पैसे मागणारा मालक नव्हे. गाडी तुझ्या नावावर घे, हप्ते कमाईतून फिटतील, असे नवशिक्याला सांगणाऱ्याला ड्रायव्हर नको असतो, कर्ज फेडणारा हवा असतो. प्रशिक्षणाचा खर्च आम्ही करतो पण इतका काळ काम सोडायचे नाही, असा करार वाईटच असतो असे नाही. मात्र मध्येच सोडल्यास किती रक्कम भरावी लागेल हे कागदावर असल्याशिवाय सही करू नकोस. पगार महिन्याचा की फेरीमागे, फलाटावर ताटकळत गेलेल्या वेळेचे काही मिळते का, मालाची तूट आणि दंड कोणाच्या अंगावर, हेही आधीच विचार. जवळच्या कामात चाक फिरते थोडे आणि दिवस मात्र लांबतो. युरोपीय संघाच्या नियमांत साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे. पण चढउतार करून दुखलेल्या पाठीची मोजणी कोणत्याही नियमात नीट होत नाही, ती तुलाच ठेवावी लागेल. मर्यादेबाहेर माल भरलेली गाडी पहिल्याच आठवड्यात पुढे केली तर नकार दे. काम गेले तर दुसरे मिळेल, परवाना गेला तर बदलीलासुद्धा कोणी बोलावणार नाही.

आणि इतके करूनही जवळचे काम मिळाले नाही, तर वर्षभर लांबच्या गाडीवर जा. घरापासून दूर राहणे मलाही आवडणार नाही, पण विम्याच्या कागदावर ते वर्ष मोजले जाते आणि परत आल्यावर आज बंद असलेली बरीच दारे उघडतात.

ज्या गोदामाबद्दल तू लिहिलेस तिथे सोमवारीच जा. आठवड्याची सुरुवात असल्याने कोण कामावर आले नाही हे त्यांना तेव्हाच कळलेले असते. आवाराच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याला आधी भेट, फेऱ्या कोण लावतो त्याचे नाव विचारून घे, आणि परवान्याची मूळ प्रतही बरोबर ठेव, कारण नुसत्या छायाप्रतीवर गाडी हातात देत नाहीत. काय झाले ते त्याच संध्याकाळी फोनवर सांग.

कळावे.
तुझी,
आई