आफ्रिकेतल्या निवडणुकांची बातमी मोजणीपासून लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आफ्रिकेतल्या निवडणुकांबद्दल आपल्याकडे जे छापून येतं ते वाचून हे पत्र लिहितोय, आणि जरा चिडूनच लिहितोय. बातम्या साधारण दोनच प्रकारच्या असतात, एक म्हणजे अमुक देशात लष्कराने सत्ता घेतली आणि दुसरी म्हणजे मतदानानंतर हिंसाचार, इतके ठार. मधलं काहीच नाही. मग चर्चा निघाली की कुणीतरी हमखास म्हणतंच, की त्या लोकांना लोकशाही झेपत नाही. हे वाक्य मला अजिबात पटत नाही, कारण तिथल्या निवडणुका जरा नीट बघितल्या तर दिसतं उलटंच. लोक रांगेत तासन् तास उभे राहतात, मत देतात, बऱ्याचदा सत्तेतल्या माणसाला पाडतातसुद्धा, आणि घोळ होतो तो पेटी बंद झाल्यावर. मत पडल्यापासून रिझल्ट जाहीर होईपर्यंतचे जे तास किंवा दिवस असतात ना, तिथे सगळा खेळ असतो आणि नेमकं तेच बातमीत नसतं.

केनियाचं २००७ घ्या. २७ डिसेंबरला मतदान झालं, सुरुवातीला विरोधी पक्षाचे राइला ओडिंगा पुढे होते, मग आकडे यायचे थांबले, मग अचानक फरक कमी व्हायला लागला आणि ३० तारखेला संध्याकाळी सत्तेतले राष्ट्राध्यक्ष म्वाई किबाकी जिंकल्याचं जाहीर करून तासाभरात त्यांचा शपथविधीही उरकला. त्यानंतर जे झालं ते सगळ्यांना माहितीये, अकराशेच्या वर माणसं मेली, सहा लाखांच्या आसपास लोक घरदार सोडून पळाले, एल्डोरेटजवळ किआम्बा गावात चर्चमध्ये आसऱ्याला आलेल्या बायकामुलांसकट चर्च पेटवलं गेलं. याला सरसकट 'टोळ्यांची भांडणं' म्हणून मोकळं होता येतं. पण रिफ्ट व्हॅलीतला जमिनीचा वाद कित्येक वर्षं जुना होता, आणि राष्ट्राध्यक्षपद हातात आलं की नोकऱ्या, कंत्राटं, जमिनी, रस्ता कुणाच्या भागात जाणार हे सगळंच हातात येतं अशी व्यवस्था होती. हरलो तर पाच वर्षं काहीच नाही. अशा ठिकाणी मोजणीवरचा विश्वास उडाला की काय होणार? नंतर चौकशीसाठी नेमलेल्या क्रीग्लर आयोगाने सांगितलं की आकड्यांमध्ये इतकी भेसळ झालीये की खरं कोण जिंकलं हे आता कळणं शक्यच नाही. म्हणजे अकराशे माणसं अशा रिझल्टवरून गेली जो कुणालाच माहीत नाही. मला हे वाचून खरंच सुन्न व्हायला झालं होतं.

पण केनियाची गोष्ट तिथे संपत नाही आणि आपल्याकडे ती तिथेच संपवली जाते, माझी तक्रार ही आहे. कोफी अन्नान यांनी मध्यस्थी केली, फेब्रुवारी २००८ मध्ये समझोता झाला, आणि २०१० साली त्या लोकांनी सार्वमत घेऊन नवी राज्यघटना आणली. ४७ काउंटी केल्या, प्रत्येकीला निवडून आलेला गव्हर्नर आणि स्वतःचा पैसा, म्हणजे नैरोबीतली एक खुर्ची गेली तरी सगळंच गेलं असं होऊ नये. राष्ट्राध्यक्ष व्हायला निम्म्याहून जास्त मतं तर हवीतच, शिवाय निम्म्याहून जास्त काउंटींमध्ये किमान २५ टक्के मतं हवीत, म्हणजे फक्त आपल्या भागाच्या जोरावर कुणी येऊ नये. आणि सुप्रीम कोर्टाला निवडणुकीचा दावा १४ दिवसांत निकाली काढायचं बंधन घातलं.

हे कागदावरच राहील असं बऱ्याच लोकांना वाटत होतं. २०१७ ला ते खरं ठरलं की काय अशी वेळ आली. मतदानाच्या काही दिवस आधी निवडणूक आयोगाच्या आयटी विभागातले वरिष्ठ अधिकारी क्रिस म्सांडो यांचा छळ करून खून झाला. आठ ऑगस्टला मतदान झालं, सत्तेतले राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटा जिंकल्याचं जाहीर झालं, परदेशी निरीक्षकांनी बहुतेकांनी ठीक आहे म्हणून पाठ थोपटली. ओडिंगा कोर्टात गेले. कोर्टाने आयोगाला सर्व्हर बघू द्या असं सांगितलं, आयोगाने तो नीट बघूच दिला नाही, आणि १ सप्टेंबरला सरन्यायाधीश डेव्हिड मरागा यांच्या पीठाने चार विरुद्ध दोन अशा बहुमताने निवडणूकच रद्द केली. आफ्रिकेत असं पहिल्यांदाच झालं. केन्याटा न्यायाधीशांना जाहीर सभेत भामटे म्हणाले, पण निकाल मानला. पुढचं मात्र चांगलं नाही, फेरमतदानाच्या दोन दिवस आधी उपसरन्यायाधीशांच्या अंगरक्षकावर गोळीबार झाला, दुसऱ्या दिवशी एका महत्त्वाच्या अर्जाच्या सुनावणीला सातपैकी फक्त दोन न्यायाधीश हजर राहिले त्यामुळे सुनावणी झालीच नाही, आणि ओडिंगांनी बहिष्कार टाकलेलं ते मतदान ४० टक्क्यांच्या आतच राहिलं. सगळं गोड झालं असं मी म्हणतच नाहीये.

तरी २०२२ ला काय बदललं ते बघा. केनियात प्रत्येक मतदान केंद्रावर तिथल्या तिथे मतं मोजतात आणि ३४-ए नावाच्या फॉर्मवर उमेदवारनिहाय आकडे लिहून पक्षांचे एजंट सह्या करतात. त्या वर्षी आयोगाने ४६,२२९ केंद्रांच्या फॉर्मचे फोटो सगळ्यांना बघता येतील असे पोर्टलवर टाकले. ज्याला शंका आहे त्याने बेरीज करावी. वृत्तवाहिन्या, विद्यार्थी, पक्षांचे कार्यकर्ते सगळे बेरजा करत बसले. विल्यम रुटो ओडिंगांविरुद्ध ५०.४९ टक्क्यांवर निसटते जिंकले, सातपैकी चार आयुक्तांनी ऐन वेळी हात वर केले, हॉलमध्ये धक्काबुक्की झाली, प्रकरण कोर्टात गेलं, कोर्टाने निकाल कायम ठेवला, आणि २००७ सारखं काही झालं नाही. तोच देश, तीच माणसं, ओडिंगाही तेच. फरक पडला तो कागद उघड्यावर आल्यामुळे आणि दाद मागायला एक जागा असल्यामुळे. मग 'त्यांना झेपत नाही' हे कुठल्या तोंडाने म्हणायचं?

गांबियाची गोष्ट तर शाळेत सांगावी अशी आहे. तिथे तेव्हा मतपत्रिकाच नव्हती, गोट्या होत्या, आपण लहानपणी खेळतो तशा. मतदान खोलीत प्रत्येक उमेदवाराच्या रंगाचा पत्र्याचा ड्रम, त्यावर त्याचा फोटो, वर एक नळी. नळीतून गोटी टाकली की आत बसवलेल्या घंटीवर आपटते आणि टण् आवाज येतो, म्हणजे बाहेर बसलेल्यांना कळतं की मत पडलं. दोनदा वाजली तर गडबड आहे. ड्रमच्या तळाशी वाळू किंवा भुसा घालतात म्हणजे गोटी खाली पडल्यावर परत आवाज होऊ नये. मोजायला भोकं पाडलेले ट्रे, २०० नाहीतर ५०० भोकांचे, ट्रे भरला की आकडा डोळ्यासमोर. लिहिता वाचता न येणाऱ्या माणसालाही पूर्ण समजेल अशी पद्धत. आणि १ डिसेंबर २०१६ ला पहिल्यांदाच ही मोजणी मतदान केंद्रावरच, सगळ्यांसमोर झाली. याह्या जामे १९९४ च्या उठावापासून बावीस वर्षं सत्तेत होते, त्यांनी मतदानाच्या दिवशी इंटरनेट बंद केलं होतं, परदेशी फोन बंद केले होते, आणि तरी ते हरले. अदामा बॅरो जिंकले. जामे यांनी आधी टीव्हीवर पराभव मान्य केला आणि आठवड्याभरात फिरले. निवडणूक आयोगाच्या अध्यक्षांना देश सोडून सेनेगलला जावं लागलं. बॅरो यांनी सेनेगलची राजधानी डाकारमधल्या गांबियाच्या दूतावासात शपथ घेतली, पश्चिम आफ्रिकी देशांच्या एकोवास संघटनेने सैन्य सीमेपार आणलं, तेव्हा कुठे जानेवारी २०१७ मध्ये जामे विमानात बसले.

आता इंटरनेटचा मुद्दा. मतदानाच्या सुमारास नेट बंद करायची बातमी आपल्याकडे आली तर 'अफवा रोखण्यासाठी' असं सरकारी कारण तसंच्या तसं छापतात. अफवा असतातच, नाही कोण म्हणतंय, पण मुख्य भीती वेगळी असते. केंद्राकेंद्रावरच्या निकालाच्या कागदांचे फोटो एकत्र येऊ नयेत म्हणून नेट बंद होतं. काँगोमध्ये डिसेंबर २०१८ च्या मतदानानंतर नेट बंद केलं, पण कॅथलिक चर्चने ४० हजार निरीक्षक बसवले होते आणि त्यांनी स्पष्ट सांगितलं की आमच्या आकड्यांशी जाहीर झालेला निकाल जुळत नाही. गॅबनमध्ये ऑगस्ट २०२३ ला मतदान संपता संपता नेट बंद, रात्रीची संचारबंदी, मग चार दिवसांनी पहाटेच्या अंधारात टीव्हीवर अली बोंगो जिंकल्याची घोषणा, आणि काही मिनिटांत त्याच टीव्हीवर सैनिक. बोंगो घराणं १९६७ पासून होतं तिथे. लोक रस्त्यावर येऊन नाचले.

हे नाचणं बघूनच आपल्याकडे म्हणतात की बघा, यांना लष्करच आवडतं. मला वाटतं हा फार घाईचा निष्कर्ष आहे. अफ्रोबॅरोमीटर ही संस्था तिथे वर्षानुवर्षं घरोघरी जाऊन सर्वेक्षण करते, त्यांच्या २०२४ च्या अहवालात ३९ देशांत सरासरी ६६ टक्के लोकांनी लोकशाहीच हवी असं सांगितलं. त्याच अहवालात निम्म्याहून थोडे जास्त लोक असंही म्हणतात की निवडून आलेले नेते सत्तेचा गैरवापर करायला लागले तर लष्कराने हस्तक्षेप केलेला चालेल. दोन्ही एकत्र वाचा. लोक वैतागलेत ते मतपेटीने माणूस बदलत नाही म्हणून. आणि लष्कर आल्यावर काय होतं? गिनीत राष्ट्राध्यक्ष अल्फा कोंडे यांनी तिसऱ्यांदा उभं राहायला राज्यघटना बदलली, २०२१ ला कर्नल दुम्बुया यांनी त्यांना हटवलं, लोकांनी जल्लोष केला, निवडणुका होईपर्यंतच्या लष्करी राजवटीच्या सनदेत लिहिलं होतं की सत्ता घेणाऱ्यांपैकी कुणी निवडणूक लढवणार नाही. मग नवी राज्यघटना आली, ती अट गेली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये दुम्बुया स्वतःच राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. एकोवासचं पण इथे चुकतंच, सैनिक आले की निर्बंध आणि सुटातला माणूस राज्यघटना वाकवतो तेव्हा गप्प, मग लोकांनी त्यांचं का ऐकावं.

टांझानियाचं तर फार वाईट वाटलं. शांत देश म्हणून नाव होतं. ऑक्टोबर २०२५ च्या निवडणुकीत मुख्य विरोधी पक्षाला लढूच दिलं नाही, नेते टुंडू लिस्सू देशद्रोहाच्या खटल्यात तुरुंगात, नेट बंद, संचारबंदी, आणि निकाल काय तर सत्ताधारी सामिया हसन यांना जवळपास ९८ टक्के. विरोधक म्हणतात शेकडो माणसं मारली गेली. एरवी गुळमुळीत बोलणाऱ्या आफ्रिकी संघाच्या निरीक्षकांनीसुद्धा ही निवडणूक निकषांत बसत नाही असं सांगितलं, आणि हे माझ्या मते मोठं आहे, पण मला ते पेपरात कुठे दिसलं नाही.

आणि मलावी, ज्याबद्दल बोलायचं तर पानं पुरणार नाहीत. मे २०१९ च्या निवडणुकीत निकालाच्या कागदांवर चक्क व्हाइटनर लावून आकडे बदललेले सापडले. लोक महिनोन्महिने मोर्चे काढत राहिले. घटनात्मक खटला पाच न्यायाधीशांपुढे चालला, रेडिओवर सगळा देश ऐकत होता, न्यायाधीशांना लाच द्यायचा प्रयत्न झाला आणि त्याबद्दल एका बँकरला पुढे शिक्षा झाली. ३ फेब्रुवारी २०२० ला ते पाच जण लष्कराच्या बंदोबस्तात, बुलेटप्रूफ जॅकेट घालून कोर्टात आले आणि निवडणूक रद्द केली. फेरनिवडणुकीत विरोधी पक्षाचे लाझारस चकवेरा जवळपास ५९ टक्के मतं घेऊन आले. मग महागाई, इंधनटंचाई, फ्रेडी चक्रीवादळ, लोक पार पिचले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच लोकांनी चकवेरांना घरी बसवून माजी राष्ट्राध्यक्ष पीटर मुथारिका, म्हणजे २०१९ च्या रद्द झालेल्या निवडणुकीत जिंकल्याचं जाहीर झालेलेच, परत आणले. चकवेरांनी अधिकृत घोषणेआधीच पराभव मान्य केला. निवड चांगली की वाईट ते मलावीचे लोक ठरवतील, मुथारिकांबद्दल मला स्वतःला शंका आहेत. पण सहा वर्षांत दोनदा सत्ता बदलली आणि दोन्ही वेळा मतांनी बदलली, जगातल्या सर्वात गरीब देशांपैकी एकात. याची साधी दोन कॉलमी बातमी तरी व्हायला हवी होती की नाही?

म्हणून संपादक महोदय, विनंती एवढीच. ऑगस्ट २०२७ मध्ये केनियात पुन्हा मतदान आहे. जून २०२४ मध्ये तिथली तरुण मुलं करवाढीच्या विधेयकाविरुद्ध थेट संसदेत घुसली होती, गोळीबारात कित्येक गेली, तीच पिढी आता मत द्यायला उभी राहणार आहे, त्यामुळे तणाव असणारच. तेव्हा मतदानाच्या रांगेचा एक फोटो आणि चार दिवसांनी मृतांचा आकडा असं करू नका. फॉर्म पोर्टलवर चढतायत का, नेट चालू आहे का, आयुक्त एकत्र आहेत का, कोर्टात कोण गेलं आणि कोर्टाने काय मागवलं, हे रोज चार ओळी का होईना पण छापा. वृत्तसंस्थांकडून ही माहिती येतच असते, ती फक्त कापू नका.

आपला,
एक नियमित वाचक