वसईच्या काकांना, एक उशिरा लिहिलेलं थँक्यू

काका, नमस्कार. फोनवर थँक्यू म्हणाले होते पण ते "हो हो, ठेवतो आता" मध्ये राहूनच गेलं, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. नाव घालत नाही, घातलं तर ओरडाल माहितीये.

झालं असं की आषाढीला सोसायटीत तुकोबांवर दहा मिनिटं बोलायचं होतं आणि मला बिशप थॉमस डाबरेंबद्दल सांगायचं होतं. माझ्याकडे काय, तर एक व्हॉट्सॲप फॉरवर्ड. त्यात लिहिलेलं की बिशप झाल्यावर त्यांनी तुकारामांवर पीएचडी केली. तुम्ही ऐकून हसलातच. "अगं उलटं आहे, आधी तुकाराम मग बिशप!" १९७१ ला फादर झाले, पुणे विद्यापीठात पीएचडी केली, तुकोबांच्या देवानुभवावरचं इंग्लिश पुस्तक १९८७ ला आलं आणि बिशप झाले ते १९९० मध्ये, मुंबईचे सहायक बिशप. ही एक गोष्ट कळली नसती ना तर मी ५०-६० जणांसमोर ठोकून दिलं असतं की मोठ्या पदावर बसून सवडीने अभ्यास केला. वसईजवळच्या भुईगावचा एक तरुण फादर तुकोबांच्या गाथेला भिडतो, ते पण पुढे काय होणार हे माहीत नसताना, ही गोष्टच वेगळी आहे.

आणि सहायक बिशपची भानगड! त्याला स्वतःचा धर्मप्रांत (म्हणजे बिशपच्या हाताखालचा भाग) नसतो म्हणून कधीकाळी बंद पडलेल्या एखाद्या जुन्या धर्मप्रांताचं नाव देतात, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मला वाटलं फिरकी घेताय. खरं निघालं.

मग १९९८ ला मुंबईच्या धर्मप्रांतातून वसईचा वेगळा काढला आणि डाबरे त्याचे पहिले बिशप. इथे तुम्ही जे सुरू झालात ते अर्धा तास, आपल्याच गावचा माणूस, पापडीच्या चर्चचं कॅथेड्रल (बिशपचं मुख्य चर्च) झालं, सगळं. मी मध्ये बोलले नाही कारण तुमचा आवाज जरा भरून आला होता (नाही म्हणाल, पण आला होता). २००९ ला त्यांची पुण्याला बदली झाली ते मात्र तुम्ही एका वाक्यात उरकलंत, वसईकर ना शेवटी. पण मला तेच जास्त आवडलं, कारण देहू पुणे जिल्ह्यातच की, म्हणजे ज्याच्यावर पीएचडी केली त्याचं गाव शेवटी यांच्याच धर्मप्रांतात आलं. हे मी भाषणात घेतलं आणि पुढच्या रांगेतले वारकरी आजोबा चक्क मान डोलवत होते.

डाबरेंच्या राजीनाम्याचं पण विचारलं लोकांनी. पंचाहत्तरी झाली की पोपना पत्र द्यायचं, सोडायचं कधी ते पोप ठरवणार, यांची पंचाहत्तरी २०२० ला आणि पुण्याला नवे बिशप आले २०२३ ला. आमच्या ऑफिसात ५८ ला केक कापून दार दाखवतात.

सुकेळी पोचली, संपली पण. पुस्तकाची झेरॉक्स मात्र अजून माझ्याकडेच आहे, तुम्ही लाल पेन्सिलीने जिथे जिथे खुणा केल्यात ती पानं आधी वाचतेय, म्हणून वेळ लागतोय. दिवाळीत वसईला येऊन स्वतः देते, चहा ठेवा.




तुमची,
पुण्याची फोनवाली