रविवारच्या गोष्टींच्या बैठकीबद्दल

घरी स्मृतिभ्रंशाच्या (अल्झायमरसारख्या विसरण्याच्या आजाराच्या) रुग्णाला सांभाळणाऱ्या सभासदांनो, आपली बैठक येत्या रविवारी सकाळी 11 ते 12.30, दादरच्या नेहमीच्या हॉलमध्ये. मेगाब्लॉक बघून निघा.

प्रत्येकाने पाच मिनिटांत एकच प्रसंग सांगायचा: आंघोळीला नकार, रात्री दार उघडून बाहेर पडणं, काहीही. काय केलं आणि काय फसलं, तेवढंच. मागितल्याशिवाय सल्ला नको (हाच नियम सर्वांत जास्त मोडतो). रुग्णाचं नाव नको, रेकॉर्डिंग नको.

घरी रुग्णाशी जुन्या गोष्टी काढताना ‘आठवतं का?’ विचारू नका. ती परीक्षा होते; माणूस गप्प होतो नाहीतर चिडतो. जुना फोटो किंवा रेशनकार्ड हातात द्या आणि सुरुवात आपणच करा. मुंबईची ट्राम 1964 साली बंद झाली, तरी ऐंशीच्या आजोबांना ती कालच्या जेवणापेक्षा स्पष्ट आठवू शकते, कारण अल्झायमरमध्ये सहसा ताज्या आठवणी आधी जातात. तपशील चुकला तर चुकू द्या. टीव्ही बंद, नाश्त्यानंतर 20 मिनिटं पुरे. संध्याकाळी अनेकांचा गोंधळ वाढतो.

एक-दोन दिवसांत गोंधळ अचानक वाढला, तर गोष्टी बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा. लघवीचा संसर्ग असू शकतो.

बैठकीच्या वेळी घरी रुग्णाच्या सोबतीला कोणी नसेल तर शुक्रवारपर्यंत ग्रुपवर कळवा. ज्येष्ठांची हेल्पलाइन: 14567.