आमच्या गल्लीत पेपर टाकणाऱ्या मुलास

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझं नाव लिहू नका म्हणालास, म्हणून लिहीत नाही. ठाण्यात पाचपाखाडीत ज्यांच्या दाराशी तू पेपर टाकतोस त्यांना वाचताक्षणी कळेलच. पण नुसतं तुला जिन्यात गाठून ‘थँक्यू’ म्हणणं मला पुरेसं वाटलं नाही. आमच्या बिजली कुत्रीच्या नोंदणीच्या कागदावर तिच्या ३ पिढ्या आहेत, मायक्रोचिपचा १५ आकडी नंबर आहे, मालक म्हणून आम्हा दोघांची नावं आहेत. तिला डॉग शोच्या रिंगमध्ये उभं राहण्याजोगी कुणी केली, हे लिहायला त्यात रकाना नाही. म्हणून ते मी इथे चारचौघांत लिहिते.

तुला आमच्या घरातली ती एकच कुत्री माहीत. आमचं लग्न १९८४ सालचं. यांची लग्नाआधीची अट एकच होती, घरात कुत्रा असणार. मी म्हटलं, मग मांजरही असणार. चाळीतल्या दोन खोल्यांत आधी रस्त्यावरचा मोती आला, मग दोन मांजरं, आणि एकदा पंख दुखावलेली घार दीड महिना आमच्या मोरीत राहून बरी होऊन उडाली. मोती आजारी पडला तेव्हा टॅक्सी करून त्याला परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात नेलं आणि त्या महिन्याचा किराणा उधारीवर आणला. शोचा नाद नंतरचा. एका मित्राबरोबर हे सहज बघायला म्हणून गेले, रिंगच्या दोरीपाशी जे उभे राहिले ते संध्याकाळपर्यंत हलले नाहीत. मग डॉबरमन झाली, दोन डॅशहंड झाले, आणि गेली वीसेक वर्षं फक्त कारवान.

कारवान आपल्या मातीतलं कुत्रं. सोलापूरकडे, मराठवाड्यात शेतावर राखण करणारं, सशामागे वाऱ्यासारखं सुटणारं. कर्नाटकात त्याला मुधोळ म्हणतात. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची ४ तिकिटं काढली, त्यातलं मुधोळचं तिकीट यांनी अजून पाकिटात जपून ठेवलंय. पण हे कुत्रं मोठं मानी. परक्याचा हात अंगाला लागलेला त्याला चालत नाही. आणि शोमध्ये तर परीक्षक ओठ वर करून दात बघणार, पाठीवरून, मांड्यांवरून हात फिरवणार. मागच्या वर्षी आम्ही पैसे देऊन एक हँडलर ठेवला होता. बिजली परीक्षकाला बघून मागे सरली तसा त्याने तिच्या गळ्याला असा हिसका दिला की ती शेपूट पोटाशी घेऊन खालीच बसली. त्यानंतर घरी आलेल्या पाहुण्याने हात पुढे केला तरी ती पलंगाखाली जायची. त्या माणसाच्या हातात पट्टा आम्हीच दिला होता, हे आम्हाला फार लागलं.

त्यात जुलैत हे पावसात जिन्यावरून घसरले. घोट्याचं हाड मोडलं, प्लेट बसवली, महिनोन्‌महिने घरात. बिजलीला रोज पळायला लागतं आणि माझ्या गुडघ्यांना ते झेपत नाही. तेव्हा बिल घ्यायला आलेला तू दारात उभा राहून म्हणालास, “काकू, मी भरतीसाठी रोज पळतोच. हिला नेऊ का?” लगेच पुढे हेही विचारलंस, “हिला खायला कमी पडतं का? बरगड्या दिसतात.” या जातीच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसायलाच हव्यात, हे यांनी तुला समजावून सांगितलं. दोन महिन्यांत हे पहिल्यांदाच इतकं बोलले, बाळा.

त्या दिवसापासून पेपर टाकून झाले की सायकल आमच्या जिन्याखाली आणि तुम्ही दोघं बाहेर. हे गॅलरीत काठी घेऊन बसायचे आणि वरून ओरडायचे, “लीड सैल ठेव! धावू नकोस, तिची दुडकी चाल बघ!” पोलीस भरतीचे १६०० मीटर जीव तोडून पळणारा मुलगा तू. तुला सावकाश पळणं जड गेलं असणार. बिजलीच्या पावलाशी पाऊल जुळवायला तुला तीन आठवडे लागले. मी मोजले आहेत.

पण मला खरं लिहायचंय ते टपरीचं. तुम्ही पळून आल्यावर अर्धा तास कुठे थांबता ते बघायला यांनी मला एकदा पाठवलं. तुझे पेपर टाकणारे सात-आठ मित्र सायकली लावून चहाला जमले होते. तू बिजलीला उभी केलीस, पुढचे पाय सरळ, मागचे किंचित मागे, हनुवटीखाली तुझी दोन बोटं. आणि एकेक पोरगा हातातला कटिंग खाली ठेवून, तिला आधी हात हुंगायला देऊन, हळूच ओठ उचलून दात बघत होता. मग मानेपासून शेपटीपर्यंत एकच हात फिरवायचा आणि बाजूला व्हायचं. कुणी हसत नव्हतं. शाईने काळी झालेली ती बोटं, आणि बिजली शेपूट सैल सोडून शांत उभी. मी रस्त्याच्या या बाजूला उभी राहून रडले. हे तुला आजवर सांगितलं नव्हतं.

जानेवारीतल्या शोला पांढरा शर्ट इस्त्री करून तूच रिंगमध्ये उतरलास. परीक्षकाने दात बघितले, पाठीवरून हात फिरवला, आणि बिजलीने मान वळवून फक्त तुझ्याकडे बघितलं. कारवान माद्यांमध्ये पहिली आली, चॅम्पियन किताबासाठी धरलं जाणारं चॅलेंज सर्टिफिकेट मिळालं. हे खुर्चीतून उठून काठीशिवाय चार पावलं चालत तुझ्यापर्यंत आले. आमच्या कपाटात याहून मोठे कप आहेत, पण यांनी एवढं जपून दुसरं काही ठेवलेलं मी पाहिलं नाही.

पैशांचं पाकीट तू दोनदा परत केलंस. लाडवाचे डबे तेवढे घेतलेस, ते घेत राहा.

पुढच्या महिन्यात तुझं भरतीचं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, आहे. हे बिजलीला घेऊन येणार आहेत. आत सोडलं नाही तर गेटबाहेर उभे राहतील. त्या दिवशीच्या पेपरांची काळजी करू नकोस. टपरीवरच्या पोरांशी मी बोलून ठेवलंय, ते तुझी लाइन वाटून घेणार आहेत. आमची बिल्डिंग आणि समोरच्या दोन माझ्याकडे. कुणाकडे कोणता पेपर, तेवढी यादी लिहून दे.

तुझी,
काकू (आणि गॅलरीतून काका)