शनिवारी नदीवर जाण्याआधी

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी तू सस्क्वेहॅना नदीवर मासे धरायला एकटाच जाणार, असं आई म्हणाली. माझा सात वेटचा, म्हणजे सात नंबरच्या लाइनचा, रॉड ने. डबीत क्लाउझर फ्लाय, म्हणजे गळावर केस बांधून केलेली खोटी आमिषं, बांधून ठेवलेत. ही फ्लाय याच नदीकाठची. पेनसिल्व्हेनियातल्या मिडलटाउनच्या बॉब क्लाउझर यांनी १९८०च्या दशकात स्मॉलमाउथ बास माशासाठी म्हणून बांधली. हरणाच्या शेपटीचे केस आणि दांडीवर शिशाचे दोन डोळे. त्या वजनानं गळ उलटा होतो, टोक वर राहतं, दगडात सहसा अडकत नाही. टाकलीस की बुडू दे, लाइन वीतभर ओढ, थांब. थांबलास की ती डोकं खाली घालून बुडते आणि मासा बहुधा तेव्हाच धरतो. लाइन नुसती थबकली तरी ओढ. रॉड उचलू नकोस. चिपळूणला वाशिष्ठीवर आम्ही गांडूळ लावून गरवायचो, त्या काठी उचलायच्या सवयीपायी माझे इथले दोन उन्हाळे गेले.

पण पत्र लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणानं. तू सात वर्षांचा होतास, मे महिना होता. आपण भर दुपारी घरी परतलो आणि तू गाडीत रडत होतास. पाऊस येईल, असं मी तुला सांगितलं. ते खोटं होतं.

काठाजवळ एका खडकाच्या आडोशाला परातीएवढा स्वच्छ गोल दिसला होता, बारीक खड्यांचा. वर एक मासा जागचा हलत नव्हता. मी फ्लाय टाकली, त्यानं पहिल्याच फेकीला धरली. लाल डोळा, अंगावर उभे काळपट पट्टे. गळ काढताना खाली पाहिलं तर सनफिश नावाचे चार-पाच छोटे मासे त्या गोलात तोंड खुपसून अंडी खात होते.

तो नर होता. पाणी पंधरा-सोळा अंशांवर आलं की नर शेपटीनं तळ झाडून घरटं करतो. मादी अंडी घालून निघून जाते. पिल्लं पांगेपर्यंत राखण त्याची. सोडल्याबरोबर तो सरळ तिथेच गेला. किती अंडी उरली होती, मला दिसलं नाही. त्यानंतर माझा हात रॉडकडे जाईना.

पाण्यावरची चमक कापणारा पोलराइज्ड चष्मा घाल. तसा गोल दिसला तर फ्लाय टाकू नकोस, पायही देऊ नकोस. वळसा घालून पुढे जा. दगड शेवाळलेले असतात, काठी ने. जुलैत मी येतो, संध्याकाळी पॉपर, ती पाण्यावर तरंगणारी फ्लाय, टाकू.

तुझा,
बाबा