मायचं नाक

दिन्या,

चार महिने पत्र नाही, हवा तेवढा रागव. माझा गुडघा तसाच, बाकी ठीक. लिहितोय ते मायपायी.

मंगळवारी सकाळी शेतातून आलो तर उंबऱ्यातच गॅसचा भपकारा. बटण उघडं, भांडं नाही, जाळ नाही, आणि माय शेगडीपाशी लसूण सोलत निवांत बसलेली. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो रे, गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळतात. तिला तोही येईना. जुलैच्या तापानंतर नाकच गेलंय, आणि आजवर कुणाला बोलली नाही.

तिचं नाक, दिन्या! गोठ्यामागे बिडी ओढून पेरूची पानं चघळत आलो होतो, तरी दारातच ओळखलं तिनं. चुगली मी केली असं तू अजून म्हणतोस. नव्हती केली, तुझ्या गळ्याची शपथ.

पऱ्हाटीत कामगंध सापळे लावलेत, एकरी दोन. त्यातली गोळी नाकाला लावून पाहिली, मला काही कळेना. पण बोंडअळीच्या मादीच्या गंधाची ती नक्कल, तिच्यामागे नर पतंग भर अंधारात येतात. त्यांच्या मिशांवर बारीक केस, केसांना छिद्रं, त्यातून गंधाचे कण आतल्या मज्जातंतूला भिडतात. रेशमाच्या पतंगाचा असा गंध वेगळा काढायला बुटेनांट या जर्मन शास्त्रज्ञाला पाच लाख पतंग लागले, तेव्हा कुठे १९५९ साली जमलं. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले तर फवारणी. म्हणून रोज मोजतो, आणि मोजता मोजता माय डोळ्यांपुढे येते.

आपल्याला वास कळतो तो नाकात पार वर, डोळ्यांच्या मधे, इवल्याशा पापुद्र्यात. डॉक्टर म्हणाले, तिथल्या पेशी जन्मभर नव्या येत राहतात, आशा सोडू नका. सकाळ-संध्याकाळ गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी हुंगायला दिलंय. परवा निलगिरीला माय म्हणाली, "गार लागलं." मला रडूच आलं. डॉक्टरांना फोन केला, तर तो गारवा वेगळ्या नसेचा म्हणाले, वासाचा नव्हे. तिला अजून सांगितलं नाही. बाटली उशाशी घेऊन झोपते. सांगू का रे?

तुझ्या बदलीचं काय झालं? पोरीची बारावी ना यंदा? वहिनींना नमस्कार.

दिवाळीला ये. बटण आता रात्री मीच तपासतो.

तुझा
गजा