दोन घुंगरे

आदरणीय काकाजी,

सादर नमस्कार.

तुमच्या आणि आमच्या वावरात एका धुऱ्याचे अंतर आहे, तिथे उभे राहून हाक मारली तरी तुम्हाला ऐकू येते. तरीही हे पत्र मी चारचौघांसमोर लिहीत आहे, कारण तोंडावर आभार मानायला गेले की तुम्ही "त्यात काय झालं बाई" म्हणून विषय पऱ्हाटीवरच्या बोंडअळीकडे नेता आणि माझे बोलणे राहून जाते. तुमची नात हे मोबाइलवर वाचून दाखवील तेव्हा मधेच उठून गोठ्याकडे जाऊ नये, एवढी विनंती.

मार्चअखेरीस आम्ही नागपुरातले प्रतापनगरचे तिसऱ्या मजल्यावरचे घर सोडून, पाच वर्षांची मुलगी आणि अडीच वर्षांचा मुलगा घेऊन काटोल तालुक्यातल्या या जुन्या वावरात राहायला आलो. सासरे गेल्यापासून तीन एकरांच्या संत्राबागेकडे कोणी नीट पाहिले नव्हते; बुंध्यांतून डिंक गळत होता, पानांवर कोळशीची काळी बुरशी चढली होती आणि आंबिया बहाराची वाटाण्याएवढी धरलेली फळे रोज खाली पडत होती. हे दिवसभर बागेत, आणि ओलिताची वीज रात्री आली की रात्रीही बागेतच. कौलारू घरात मी आणि दोन मुले. नातेवाइकांचे दोन पक्ष होते: एक म्हणायचा, मुलांना मोकळी हवा मिळेल, दुसरा म्हणायचा, मुलांचे हाल करायला निघालात. दोन्ही पक्ष नागपुरात कूलरपुढे बसून बोलत होते आणि पाच महिन्यांत दोघांपैकी एकालाही इकडे यायला सवड झाली नाही.

भीती कशाकशाची वाटत असे, ते तुम्हाला ठाऊक आहे. चुलीमागच्या पऱ्हाट्यांच्या ढिगात विंचू निघाला त्याच संध्याकाळी तुम्ही ढीग अंगणापलीकडे नेऊन टाकला, आणि मण्यार रात्री जमिनीवर निजलेल्याला चावते, चावल्याचे झोपेत कळतही नाही, हे मला न घाबरवता सांगून दोन खाटा पाठवल्या व मच्छरदाणीची कड गादीखाली चारही बाजूंनी कशी खोचायची ते दाखवले. त्यानंतर मी रात्री झोपू लागले. दिवसाची भीती मात्र गेली नाही, कारण ती विहिरीची होती. सासऱ्यांच्याही वडिलांच्या काळातली 40 फूट खोल विहीर, कठडा केव्हाच ढासळलेला, काठ जमिनीच्या पातळीला, आणि घरापासून अंतर इतके थोडे की अडीच वर्षांच्या मुलाला तिथे पोहोचायला मी पोळी उलटण्याइतका वेळ पुरे.

लोखंडी जाळी बसवून देतो म्हणून एका कारागिराने आमच्याकडून सात हजार रुपये इसार घेतला. फीत लावून मापे घेतली, माझ्या हातचा चहा घेतला, "लेकरांचा सवाल आहे, ताई, आठ दिवसांत बसवतो" असेही म्हणाला. ते आठ दिवस अजून पुरे व्हायचे आहेत. पैशाचे दुःख होतेच, पण त्याहून अधिक राग येतो तो या गोष्टीचा की त्याने लेकरांचे नाव घेतले. नुसतेच "बसवतो" म्हणाला असता तर मी त्याला एव्हाना विसरलेही असते.

तुम्ही त्या आठवड्यात विहिरीभोवती बाभळीच्या काट्या रचून दिल्या आणि मोटारीकडे जाण्यापुरती वाट ठेवली. एवढ्यावर शेजारधर्म पूर्ण झाला असता. पण दुसऱ्या दिवशी दुपारी, बाहेर लू चालत असताना, तुम्ही डोक्याला दुपट्टा गुंडाळून परत आलात आणि ओसरीवर बसून खिशातून दोन पितळी घुंगरे काढलीत. चिंचेने घासून ती लखलखीत केलेली होती. एकाची चिरलेली कड बोटाला लागत होती, ती तुम्ही कानशीने पुन्हा एकदा गुळगुळीत केलीत आणि स्वतःच्या गालावरून फिरवून पाहिलीत. मग दोन्ही घुंगरे माझ्या कानाजवळ एकामागून एक वाजवून विचारलेत, "फरक समजून राहिला का?" एकाचा आवाज जाड होता, दुसऱ्याचा बारीक. जाड मुलीच्या पायातल्या काळ्या दोऱ्यात बांधलेत, बारीक मुलाच्या करदोड्यात, आणि म्हणालात, "कोणतं पोट्टं कुठं आहे ते आता चुलीपासूनच समजते. वाजून राहिलं तोवर आपलं काम करायचं. आवाज बंद झाला का उठायचं."

काकाजी, तोपर्यंत मला सल्ला देणाऱ्यांची कमतरता नव्हती. लक्ष ठेव, नजर हटू देऊ नकोस, असे प्रत्येक जण सांगत होता. पण भाकरी थापताना, धुणे पिळताना, दोन घटका आंघोळीला गेल्यावर ही नजर कुणाकडे ठेवायची, ते कोणी सांगत नव्हते. तुम्ही पहिलेच, ज्यांनी माझे काम धरून माझ्या भीतीचा विचार केला.

मे महिन्यात तुम्ही यांना मोरचूद आणि चुन्याचे मलम कालवून दाखवलेत, एक किलोला एक किलो आणि दहा लिटर पाणी, आणि दोघे मिळून बुंधे रंगवू लागलात, तेव्हा ब्रशला हात न लावण्याच्या अटीवर मुलगी तुमच्यामागे झाडे मोजत फिरत होती. मी स्वयंपाकघरात होते आणि ते जाड घुंगरू एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे सरकताना ऐकत होते. या वावरात आल्यानंतर मी पहिल्यांदा काही गुणगुणले ते त्या सकाळी.

आणि जुलैतली ती दुपार. मी कणीक मळत होते आणि बारीक आवाज थांबला. पिठाच्या हातांनी धावले. काट्यांमधल्या मोटारीच्या वाटेवर, काठापासून चार हातांवर मुलगा उकिडवा बसला होता, मान वर करून, अगदी स्तब्ध. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणींचे खोपे लोंबत होते आणि एक पिवळ्या डोक्याचा नर चोचीत गवताची काडी घेऊन अर्ध्या विणलेल्या खोप्याला उलटा लटकला होता. मुलाला ते जवळून पाहायचे होते, इतकेच. मी त्याला उचलले तेव्हा घुंगरू पुन्हा वाजले आणि मी तिथेच चिखलात बसून रडले. हे मी यांनासुद्धा दोन दिवसांनी सांगितले. तुम्हाला आज सांगते आहे.

ती घुंगरे तुम्ही बाजारातून आणली असावीत, असे मी इतके दिवस समजत होते, कारण विचारले तेव्हा "घरी पडून होती" एवढेच उत्तर मिळाले होते. दरवर्षी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आम्ही नागपुरात इतवारीच्या गर्दीत मुलांना खांद्यावर घेऊन काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे इडापीडा घेऊन जा म्हणत मिरवतात ते पुतळे, पाहायला जात असू. यंदा मुलांनी लाकडी नंदी ओढत तुमच्या अंगणात आणले आणि इसार घेऊन पळणाऱ्याला "घेऊन जा गे मारबत" अशी आरोळीही तिथेच दिली. मुलांना बोजारा, म्हणजे नंदी आणल्याची ओवाळणी, देऊन झाल्यावर काकूंनी मला गोठ्यात नेले. आता तिथे ट्रॅक्टर उभा असतो. खुंटीवर तुमच्या सर्जा बैलाची घुंगरमाळ होती. तो गेल्यापासून तीन वर्षे तिला तुम्ही कोणाला हात लावू दिला नव्हता, विकत मागायला आलेल्याला दारातून परत पाठवले होते, असे काकूंनी सांगितले. माळेत मधोमध दोन घुंगरांची जागा रिकामी होती.

मी तुमच्याशी त्या दिवशी काहीच बोलू शकले नाही, म्हणून हे पत्र. भला माणूस म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे देणग्या देणारे, सत्कार घेणारे लोक येतात; मला आता ओसरीवर बसून घुंगराची कड गालाला लावून पाहणारा माणूस दिसतो. अशी माणसे गावोगावी असतील आणि त्यांच्या आधारावर कितीतरी घरे निर्धास्त भाकरी थापत असतील, असे मला हल्ली वाटू लागले आहे.

विहिरीला जाळी बसली आहे. दुसऱ्या एका कारागिराने इसार न घेता चार दिवसांत बसवून दिली. तरी घुंगरे आम्ही काढलेली नाहीत. मुलीचे आता दप्तराला बांधलेले असते. मुलाचे मात्र कालपासून वाजत नाही, आतला खडा कुठेतरी पडला आहे. रविवारी त्याला घेऊन येते. कानस काढून ठेवावी.

तुमची,
शेजारच्या वावरातली सूनबाई